कठीण पाण्याचे मत्स्यालय : माशांची निवड

बोअरवेल, विहीर किंवा टँकरच्या कठीण (दुष्फेन) पाण्यावर चालणाऱ्या घरगुती मत्स्यालयात, पाण्याचा गुणधर्म बदलण्याच्या खटाटोपात न पडता त्याच पाण्याला मानवणारे मासे निवडण्याची रीत. दख्खनच्या पठारावरील भूजल बेसाल्टच्या भेगांतून आणि चुनकंकराच्या थरांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे सोबत घेऊन येते. नळाच्या तोंडाशी आणि गिझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर, फेस न धरणारा साबण, लवकर न शिजणारी डाळ या त्याच्या घरातल्या खुणा. तानसा-भातसाचे मुंबईकडे येणारे धरणपाणी मऊ असते. कोकण-गोव्यातील जांभ्याच्या विहिरींचे पाणीही बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. तिथे निवडीचे गणित उलटे होते.

निवडीआधी दोन आकडे हवेत : एकूण काठिण्य (जीएच), म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे माप, आणि कार्बोनेट काठिण्य (केएच), म्हणजे सामू (पीएच) धरून ठेवणाऱ्या बायकार्बोनेटाचे माप. थेंबांचे चाचणी संच मिळतात. नळीत ५ मिलि पाणी घेऊन थेंब मोजत टाकायचे. बहुतेक संचांत रंग पालटेपर्यंत पडलेला प्रत्येक थेंब म्हणजे १ अंश. १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. बोअरचे पाणी आधी बादलीत २४ तास हवेच्या दगडावर (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा एअर स्टोन) ठेवावे. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा सामू खोटा, कमी दिसतो. टीडीएस मीटरवर विसंबू नये. तो सगळे क्षार एकत्र मोजतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्यातला मोठा वाटा साध्या मिठाचा असतो. पाणी ‘पिण्यायोग्य’ असल्याचा अहवालही इथे पुरेसा नाही : आयएस १०५०० या मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, म्हणजे जवळजवळ ३४ अंश.

सामू उतरवायला आम्ल टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. केएच १४ असलेल्या टाकीत आम्ल घातले की बायकार्बोनेटाचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि संध्याकाळी सामू ७ दिसतो. रात्रभरात वायू उडून जातो, शिल्लक बायकार्बोनेट सामू वर खेचते आणि सकाळी तो पुन्हा ८ च्या आसपास येतो. माशाला ८.२ सोसतो, हा रोजचा झोका सोसत नाही. देशी बदामाची पाने व लाकूड पाण्याला रंग देतात, पण एवढ्या केएचपुढे त्यांचे काही चालत नाही. उकळल्याने फक्त तात्पुरते, म्हणजे बायकार्बोनेटांचे, काठिण्य जाते. मिठावर चालणारे सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालते, म्हणून तेही नको. खरा उपाय आरओ पाण्याची सरमिसळ : २४ अंशांच्या पाण्यात तेवढेच आरओ मिसळले की साधारण १२. पण १०० लिटरच्या टाकीत आठवड्याला २५ लिटर बदलायचे तर साडेबारा लिटर आरओ दर आठवड्याला, न चुकता, आणि घरगुती यंत्र त्यासाठी बरेच पाणी वाया घालवते. टंचाईच्या गावात हा हिशेब बसत नाही.

या पाण्यात पहिली पसंती पिल्ले घालणाऱ्या माशांना : गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-टाक्यांत सोडला जातो तोच गप्पी. मॉली तर मऊ पाण्यातच आजारते, जागच्या जागी थरथरत राहते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला पाठलागाने दमवतात. झेब्रा डॅनियो आणि रोझी बार्ब हे आपल्याकडचे मासेही मध्यम ते कठीण पाण्यात तग धरतात. चार फुटी टाकी असेल तर मलावी सरोवराचे सिक्लिड, उदाहरणार्थ पिवळा लॅब. त्यांच्या घरचाच सामू ८ च्या आसपास. मात्र त्यांच्याबरोबर गप्पी नकोत, ते खाल्ले जातील. पश्चिम पापुआच्या आयामारू तलावांचा बोएसमन रेनबोही या पाण्यात खुलतो. गोल्डफिशला काठिण्य चालते, उन्हाळ्यातले तापलेले पाणी नाही.

टाळावेत ते कार्डिनल टेट्रा, डिस्कस, रॅम आणि चॉकलेट गुरामी. हे मऊ, आम्लधर्मी पाण्याचे मासे. कठीण पाण्यात कार्डिनलच्या मूत्रपिंडात कॅल्शियम साचतो. एंजल माशाची पैदास आता टाक्यांतच होते, त्यामुळे तो मध्यम काठिण्यात जगतो, पण त्याची अंडी फुटतीलच अशी आशा धरू नये.

कठीण पाण्याचा खरा धोका वेगळाच आहे : माशांच्या उत्सर्गातून होणारा अमोनिया, जो चढ्या सामूला अधिक विषारी ठरतो. २८ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा शेकडा १ हूनही कमी भाग विषारी असतो. ८ ला तो ६-७ आणि ८.५ ला सुमारे १८ होतो. म्हणून फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू बसेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, मासे मोजकेच सोडावेत आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे.

कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला मासा मऊ पाण्यातून येतो. त्याला थेट बोअरच्या टाकीत सोडले तर दोन-तीन दिवसांत मरू शकतो आणि दोष दुकानदाराला जातो. वेगळ्या टबात अर्धे आरओ, अर्धे घरचे पाणी घेऊन त्यात हवेचा दगड लावावा आणि रोज थोडे घरचे पाणी वाढवत पाच-सहा दिवसांत पूर्ण पालट करावा.

टाकीत शिंपले, संगमरवराचे तुकडे घालू नयेत. दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तर तो काठिण्य वाढवणारा, काळा बेसाल्ट चालतो. बाष्पीभवनाने घटलेले पाणी बोअरच्याच पाण्याने नुसते भरत राहिल्यास क्षार साठत जातात, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. घटलेल्या पाण्याची भर आरओ पाण्याने घालावी आणि आठवड्याला चतुर्थांश पाणी काढून बदलावे. पावसाळ्यात नळाचे आणि एप्रिलपासून टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायटीत, पहिला टँकर आला की टाकीत टाकण्याआधी केएच पुन्हा मोजावा, आणि फरक मोठा असेल तर त्या आठवड्यात चतुर्थांशाऐवजी दहावा हिस्साच बदलावा.