इन्स्टॉल झालं, पण चालू कुठे झालं?

नौपाड्यातल्या आत्याचा अँड्रॉइड ४.४ वाला फोन अजून ठणठणीत आहे. व्हॉट्सअॅप तेवढं बंद पडलं. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात तिला सांगितलं, "जुनं व्हर्जन टाकून देतो." टाकलं, इन्स्टॉलही झालं. घरी उघडलं तर पडद्यावर एकच वाक्य : या व्हर्जनची मुदत संपली, अपडेट करा. आत्या म्हणाली, फसवलं. मला वाटतं दुकानदाराचाही गोंधळच झाला असावा.

इन्स्टॉल होणं हा फोन आणि फाइल यांच्यातला मामला. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अॅप ज्यातून इन्स्टॉल होतं ती फाइल, धड आहे का आणि आपल्या अँड्रॉइडला झेपेल का, एवढंच फोन पाहतो. तिच्यावर डिजिटल सही असावी लागते, पण ती कुणाची हे तो विचारत नाही. त्यामुळे आत काहीबाही घालून भलत्यानेच सही केलेली फाइलही तो निमूट घेतो. आधीचं अॅप फोनवर असेल आणि नव्या फाइलची सही वेगळी निघाली, किंवा व्हर्जन आणखी जुनं असलं, तरच तो अडतो. म्हणून "आधीचं काढून टाका" असं कुणी म्हटलं की थांबा. त्याने ही अडवणूक तर जातेच, शिवाय अॅपच्या आतल्या गप्पाही जातात. बॅकअप आधी बाजूला काढून ठेवा.

चालू होणं ही गोष्ट अॅप आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यातली, आणि तिथे तुमच्या फोनचं कोणी ऐकत नाही. विंडोज फोनसाठी व्हॉट्सअॅपने ३१ डिसेंबर २०१९ नंतर दार लावलं. २४ ऑक्टोबर २०२३ला ५.०हून जुन्या अँड्रॉइडसाठीही ते लागलं. जुनी फाइल कितीही जपून ठेवलेली असली, तरी सर्व्हर जुना ठेवलेला नसतो.

"फोनची तारीख मागे घ्या" हा उपाय हमखास सुचवला जातो. त्याने अॅपला स्वतःची मुदत उलटलेली कळत नाही, हे खरं. पण सर्व्हरची ओळख पटवणारं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेनंतरचं असलं की फोनच म्हणतो, हे अजून लागू झालेलं नाही, आणि जोडणी तुटते.

एक्सएमपीपीसारख्या, निरोप पाठवण्याच्या खुल्या पद्धतीवर चालणारं अॅप असेल तर थोडी आशा असते. तिथे सर्व्हर एकाच कंपनीचा नसतो. पण आत्याच्या भिशीचा ग्रुप तिथे नाही.

तिचा फोन आता ओट्यावर एफएमसाठी आहे. हेडफोनची वायर मात्र लावून ठेवावी लागते, तीच त्याची अँटेना.