पदकाने खेळ वाढतो? एका समजुतीची पार्श्वभूमी

एखाद्या दुर्लक्षित खेळात देशाला पदक मिळालं की खेळाडूंचे सत्कार होतात आणि 'आता हा खेळ घराघरात पोचणार' असं भाकीत केलं जातं. खेळांवरच्या सरकारी खर्चाचं समर्थन अनेक देशांत याच भाकितावर उभं आहे.

ठरलेलं उदाहरण पश्चिम जर्मनीतल्या टेनिसचं. 1985 च्या जुलैमध्ये सतरा वर्षांचा, मानांकनही नसलेला मुलगा विम्बल्डन जिंकला आणि देशात टेनिसची लाट आली, असं सांगतात. लाट होती, पण ती आधीपासूनची. क्लबांचे सभासद सत्तरच्या दशकापासूनच वाढत होते. नव्वदच्या दशकात सभासदसंख्या 20 लाखांच्या वर गेली आणि त्या पिढीचे खेळाडू निवृत्त झाल्यावर खाली येत राहिली.

कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्याजवळ नेण्याच्या खेळाची, गोष्ट जास्त बोलकी आहे. 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या महिलांनी अंतिम सामना अगदी शेवटच्या दगडावर जिंकला. ब्रिटनमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटली होती, तरी 50 लाखांहून जास्त लोक टीव्हीसमोर बसून होते. पण सकाळी उठून यांनी खेळायचं कुठे? कर्लिंगला पाण्याचे थेंब शिंपडून मुद्दाम खरखरीत केलेला बर्फ लागतो, स्केटिंगचा गुळगुळीत बर्फ चालत नाही. इंग्लंडमध्ये केवळ कर्लिंगसाठी बांधलेली रिंक (बर्फाचं बंदिस्त मैदान) केंटमध्ये उघडली ती 2004 साली, म्हणजे उत्साह ओसरून गेल्यावर. सायकलिंगचं उलट झालं. तिथे पदकांची रांग लागली तेव्हा सायकल घरात होती आणि रस्ता दारात. त्यामुळे राष्ट्रीय संघटनेची सभासदसंख्या खरोखरच कित्येक पटींनी वाढली.

आता वादाचा मुद्दा. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं, पदकतालिकेत 36 वा क्रमांक आला. त्यानंतर लॉटरीचा पैसा खेळांकडे वळला आणि पुढच्या दशकात धोरण कडक झालं: पदकाची शक्यता दाखवा, पैसे घ्या. नाही दाखवता आली तर शून्य. पदकांच्या हिशेबात धोरण यशस्वी ठरलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटन पदकतालिकेत थेट दुसरा आला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बॅडमिंटनचा निधी पूर्ण बंद झाला. रिओपर्यंतच्या चार वर्षांत या खेळाला सुमारे 57 लाख पौंड मिळाले होते आणि पुरुष दुहेरीत कांस्यही आलं होतं. ठरवून दिलेलं लक्ष्य गाठूनही पैसा गेला. निधी देणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रश्न मागच्या पदकाचा नाही, पुढच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पदक येईल का याचा आहे. नियमाच्या चौकटीत ते बरोबरही असेल. पण मग पदकामुळे सामान्य लोक खेळाकडे वळतात, या दाव्याचं काय करायचं? बॅडमिंटन हा खेळ गल्लोगल्लीच्या सभागृहांत आधीपासून खेळला जातो. पदकाचा फायदा घ्यायला नेमकी हीच जागा तयार होती, आणि ऐन मोक्याला वरची शिडी काढून घेतली गेली. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. त्याआधी 2014 मध्ये बास्केटबॉलचंही असंच झालं होतं. शहरांतल्या तरुणांत हा खेळ लोकप्रिय, पण ऑलिंपिक पदक आवाक्याबाहेर, म्हणून निधी बंद. टीका वाढल्यावर 2020 च्या अखेरच्या वाटपात सूर जरा मऊ झाला आणि बॅडमिंटनकडे काही पैसा परत आला.

असा वाद फक्त ब्रिटनमध्येच झाला असं नाही. ऑस्ट्रेलियात 2009 साली एका स्वतंत्र अहवालाने तिरंदाजीला क्रिकेटपेक्षा जास्त सरकारी पैसा मिळतो हे दाखवून दिलं, तेव्हा ऑलिंपिकवाले भडकले होते. खेळणाऱ्यांच्या संख्येत क्रिकेट शंभर पटींहून पुढे होतं.

'पिढीला प्रेरणा' देण्याचं आश्वासन लंडन 2012 ने सगळ्यात मोठ्या आवाजात दिलं होतं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास खेळणारे लोक दहा लाखांनी वाढवायचं लक्ष्य होतं, ते स्पर्धेच्या आदल्याच वर्षी, 2011 मध्ये, सोडून देण्यात आलं. पुढे आठवड्यातून एकदा खेळलं तरी मोजणीत धरू लागले. स्पर्धेनंतर काही काळ आकडे चढले, मग पोहण्यासारख्या सर्वांत मोठ्या खेळातच लोक कमी झाले. आणि 2015 च्या नोव्हेंबरपासून पाहणीच बदलली. नव्या पाहणीत चालणं आणि नृत्यही धरलं जातं, त्यामुळे तिचे आकडे जुन्या आकड्यांशेजारी सरळ ठेवता येत नाहीत.