पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

धडा दुसऱ्यांदा वाचताना तो पहिल्या वेळेपेक्षा सोपा वाटतो आणि तिसऱ्या वाचनानंतर तर आपल्याला सगळे येते अशी खात्री वाटू लागते. विद्यार्थ्याची आणि त्याच्या अभ्यासाकडे लक्ष ठेवणाऱ्या पालकांचीही फसगत नेमकी इथे होते. मजकूर ओळखीचा वाटणे आणि पुस्तक मिटल्यावर तो आठवणे या वेगवेगळ्या क्षमता आहेत, आणि परीक्षेत बहुधा दुसरीचाच कस लागतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा फरक स्पष्ट दिसला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तरीही आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता. मला या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच वाटतो, कारण अभ्यासाची पद्धत विद्यार्थी बहुतेक वेळा या विश्वासावर विसंबूनच निवडतो.

आठवण्याच्या प्रयत्नाने स्मृतीची केवळ तपासणी होत नाही, तर ती पक्की होते. या प्रयत्नांमध्ये अंतर ठेवले, तर परिणाम आणखी टिकतो. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरले जाते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून मांडले होते. उजळणीतले योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेराशेहून अधिक लोकांवरील एका अभ्यासात आढळले: चाचणी आठवड्यावर असेल तर सुमारे एका दिवसाचे, आणि वर्षभर दूर असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे.

गणितात आणखी एक अडचण येते. एका प्रकरणाची गणिते सलग सोडवताना कोणते सूत्र वापरायचे हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे सूत्र निवडण्याचा सराव होतच नाही. प्रवेश परीक्षेत मात्र प्रश्नावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधील प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची गणिते एका गटाला प्रकारवार, तर दुसऱ्याला सरमिसळ करून दिली होती. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि सरमिसळ करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत ते प्रमाण अनुक्रमे २० आणि ६३ टक्के झाले. सरावात अडखळणाऱ्या मुलाला लगेच सोप्या गणितांकडे वळवण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी हे आकडे जरूर आठवावेत.

म्हणून ‘किती तास बसलास?’ यापेक्षा ‘आज शिकलेले वही न बघता सांग’ अशी विचारणा अधिक उपयोगी ठरते. त्यात गुण किंवा रागावणे असू नये, आणि चुकलेले उत्तर तिथेच दुरुस्त करून घ्यावे. रात्री जागून अभ्यास करण्याचे कौतुकही थांबवायला हवे: तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी त्या झोपेतच होते.

महाविद्यालयात रोज विचारणारे कोणी नसेल, त्यामुळे ही मदत शाळेच्या शेवटच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावी लागते. आधी पालकांनी प्रश्न काढावेत, नंतर विद्यार्थ्याने स्वतः काढावेत, मग उजळणीचे वेळापत्रकही त्यानेच आखावे आणि मोठ्यांनी आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बसून ते कुठे कोलमडले एवढेच पाहावे.