सांधेवाल्याच्या जागी मोटार

वास आला तेव्हा वाटलं, शेजारी कुणाची तरी फोडणी करपली. मग टेबलाखालून धुराची बारीक रेघ वर येताना दिसली. माझ्या मॉडेल रेल्वेच्या यार्डातल्या तिसऱ्या सांध्याची गुंडाळी जळत होती. कारण काय, तर दारावरच्या बेलचं एक साधं बटण दाबल्यावर आतच अडकून बसलं होतं.

माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे खरीच्या 87 पट लहान. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात ज्यांनी छोट्या गाड्या पळताना पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र येईलच. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर सांधा बदलावा लागतो. सांध्यात टोकाला निमुळते झालेले दोन रूळ हलतात, त्यांना टंगरेल म्हणतात. खऱ्या रेल्वेत सांधेवाला जड लिव्हर ओढून ते हलवायचा. मॉडेलमध्ये दोन्ही टंगरेल एका प्लॅस्टिकच्या आडव्या पट्टीने जोडलेले असतात आणि ही पट्टी दोन-तीन मिलिमीटर सरकवली की झालं. करंगळीचं काम. पण यार्ड भिंतीपर्यंत पोचलं की करंगळी पुरत नाही, मग प्रत्येक सांध्याला यंत्र बसवायची पाळी येते.

सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या आणि मध्ये एक लोखंडी दांडी. डाव्या गुंडाळीत वीज सोडली की दांडी डावीकडे ओढली जाते, उजवीत सोडली की उजवीकडे. खट्ट असा आवाज होतो आणि सांधा बदलतो. ही गुंडाळी क्षणभराच्या कामासाठी बनवलेली असते, ही तिची खरी अडचण. समजा तिचा रोध 4 ओहम आहे आणि आपण तिला 16 व्होल्ट दिले. 4 अँपिअर प्रवाह, म्हणजे 64 वॉट. एक दशांश सेकंदात 6 ज्यूलच्या आसपास उष्णता, तिचं काहीच वाटत नाही. पण बटण दहा सेकंद दाबलेलं राहिलं तर 640 ज्यूल. गुंडाळीत 20 ग्रॅम तांबं धरलं, तर एवढ्यात त्याचं तापमान 80 अंशांहून जास्त वाढतं. अर्ध्या मिनिटात तारेवरचं व्हार्निश आणि आतली प्लॅस्टिकची रिळं दोन्ही गेली. माझ्याकडे झालं ते हेच.

यावर जुना आणि देखणा उपाय आहे तो कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा. नळाला करंगळीएवढी धार असेल तर आपण काय करतो? बादली भरून ठेवतो आणि लागेल तेव्हा एकदम उपडी करतो. 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 24 व्होल्टला भरला, की त्यात 1.35 ज्यूल साठतात. बटण दाबताच ते सगळे एका दमात गुंडाळीत उतरतात आणि दांडी जोरात हलते. कपॅसिटर भरायच्या वाटेत मोठा रोध लावून धार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. त्यामुळे बटण अडकलं तरी गुंडाळीला मिळते ती फक्त ही धार, आणि तेवढ्याने ती कोमटसुद्धा होत नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत हे सगळं सामान मिळतं. मी ते आणलं, अर्थात गुंडाळी जळाल्यानंतर.

मेन लाइनसाठी मात्र मी दुसरं यंत्र घेतलं. अमेरिकेतल्या हौशी लोकांमध्ये ‘टॉर्टॉइस’ नावाची मोटार प्रसिद्ध आहे. नावाप्रमाणे ती कासवगतीने, दोन-तीन सेकंद घेत सांधा बदलते. खऱ्या रेल्वेसारखं दिसतं ते हेच. मजा पुढे आहे. सांधा टेकला की मोटार अडते, पण तिची वीज आपण बंद करत नाही! ती तशीच रेटा देत राहते. मग ही का जळत नाही? तिची तार बारीक आणि रोध मोठा आहे म्हणून. 12 व्होल्टला अडलेल्या अवस्थेत तिच्यातून जेमतेम 15 मिलिअँपिअर जातात, म्हणजे 0.18 वॉट. ताकद कमी पडते ती दातेरी चाकांच्या साखळीतून भरून निघते. अशा वीस मोटारी वर्षभर रेटत राहिल्या तरी मिळून चार वॉटसुद्धा लागत नाहीत.

हे 15 मिलिअँपिअर एलईडीलाही नेमके मानवतात. मोटारीच्या तारेतच एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना समांतर पण उलटसुलट तोंडाने जोडायचा. डीपीडीटी टॉगलच्या, म्हणजे दोन तारा एकाच वेळी बदलणाऱ्या खटक्याच्या, टोकांवर दोन तारा फुलीसारख्या आडव्या नेल्या की खटका इकडून तिकडे करताच प्रवाहाची दिशा उलटते, मोटार उलटी फिरते आणि पॅनेलवरचा दिवाही बदलतो. वेगळी वायरिंग नाही, वेगळा रोध नाही. इतकी सुटसुटीत युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

मोटार प्लायच्या खालून बसते. तिची स्प्रिंगसारखी पोलादी तार भोकातून वर येऊन आडव्या पट्टीत अडकते. भोक रूळ टाकण्याआधी पाडावं. मी नंतर पाडलं आणि ड्रिलने पट्टीच कुरतडली. स्क्रूची लांबीही आधी बघावी, कारण 18 मिलिमीटरच्या प्लायमधून माझा 25 चा स्क्रू थेट फलाटावर उगवला. प्लायवर थर्माकोलचा थर असेल तर तार लांब लागते, म्हणून तिचा विचार वेगळा करावा लागतो. तारेची लांबी दुप्पट झाली की तिचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो, आणि जाडी वाढवली की तो चौथ्या घाताने वाढतो. म्हणून 0.64 ऐवजी 0.8 मिलिमीटरची तार घेतली, तर एवढ्याशा फरकाने ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. बसवताना पट्टी आइसक्रीमच्या काड्यांच्या तुकड्यांनी बरोबर मध्यावर अडकवायची, मोटारही मध्यावर आणायची, आधी दुहेरी चिकटपट्टीने चिकटवून पाहायची आणि मगच स्क्रू मारायचे.

यानंतर फ्रॉग. दोन वाटांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो त्रिकोणी तुकडा. मॉडेलमध्ये वीज रुळांतूनच येते, एक रूळ धन आणि दुसरा ऋण. हा तुकडा एका वाटेला डाव्या रुळाचा भाग असतो, दुसरीला उजव्याचा. म्हणजे सांधा बदलला की त्याचा ध्रुवही बदलायला हवा, नाहीतर शॉर्ट. तो प्लॅस्टिकचा केला तर प्रश्न सुटतो, पण मग आखूड इंजिन त्याच्यावर वीज न मिळाल्याने थबकतं. टॉर्टॉइसच्या पोटात यासाठी जादा खटके असतात. मधली तार फ्रॉगला, बाजूच्या दोन दोन्ही रुळांना. पहिल्या खेपेला त्या हमखास उलट्या लागतात. इंजिन फ्रॉगवर चढताच सगळं यार्ड मरतं, तेव्हा शांतपणे दोन तारांची अदलाबदल करायची.

एक उणीव मात्र राहते. हे खटके मोटारीबरोबर फिरतात, टंगरेलबरोबर नाही. आपल्या रेल्वेच्या पॉइंट मशीनमध्ये, म्हणजे खरा सांधा हलवणाऱ्या यंत्रात, टंगरेलची जागा कळवणारे दांडे वेगळे, थेट टंगरेललाच जोडलेले असतात. चाचणी घेताना टंगरेल आणि शेजारच्या न हलणाऱ्या रुळामधल्या फटीत 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा मुद्दाम घालतात. तेव्हा सांधा कुलूपबंद होता कामा नये आणि सिग्नलच्या कॅबिनला ‘सांधा लागला’ असा इशाराही जाता कामा नये. मोटार तेव्हा जळत नाही, कारण घर्षणावर चालणारा तिचा क्लच घसरतो.

माझ्या टेबलावर ही शिस्त नव्हती. गेल्या पावसाळ्यात रुळांमधली खडी चिकटवलेला गोंद सर्दावला आणि तिचा एक कण सुटून टंगरेलच्या फटीत बसला. तार वाकली, मोटार टोकाला पोचली, पॅनेलवर हिरवा लागला. इंजिन गेलं आणि तीन डबे आडवे झाले. त्या सांध्याच्या पट्टीला आता मी एक मायक्रोस्विच, म्हणजे पट्टीने दाबला जाणारा चिमुकला खटका, लावला आहे आणि हिरवा दिवा मोटारीच्या तारेतून काढून त्याच्यावर घेतला आहे. बाकीच्या अकरा सांध्यांना अजून जुनाच दिवा आहे. त्यांच्यावरून गाडी सोडण्याआधी मी वाकून फट बघतो.