फाइल डाउनलोड आणि देवनागरी नावे

सर्व्हरकडून आलेली फाइल ब्राउझरमध्येच उघडायची की डिस्कवर उतरवायची, आणि कोणत्या नावाने, हे ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ हे हेडर (फाइलसोबत येणारी सूचनेची ओळ) सांगते. ते मूळचे ईमेलच्या जोडपत्रांसाठीचे. वेबवरच्या वापराचे नीट नियम २०११ मध्ये आरएफसी ६२६६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने घालून दिले. तोवर प्रत्येक ब्राउझरने आपापला अर्थ लावला होता.

वडोदऱ्यात अडचण येते ती नावापाशी. १९१० साली सयाजीराव गायकवाडांच्या काळात उभ्या राहिलेल्या सेंट्रल लायब्ररीत मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके शेजारी नांदतात. शहरातल्या संस्थांच्या फाइलींची नावेही तशीच तीन लिप्यांत असतात. हेडर मात्र मुळात रोमन अक्षरांसाठी बेतलेले. देवनागरी किंवा गुजरातीचे प्रत्येक चिन्ह (काना-मात्राही वेगळी धरून) यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत ३ बाइट घेते आणि पर्सेंट एन्कोडिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरे असा लिहिण्याच्या पद्धतीत, ९ अक्षरे. म्हणजे ‘बडोदा’ एवढ्याशा शब्दाची ४५ अक्षरे होतात. असे नाव हेडरमधल्या साध्या ‘फाइलनेम’ या नावाच्या रकान्यात घातले, की जुना इंटरनेट एक्सप्लोरर ते उलगडून वाचत असे, फायरफॉक्स मात्र टक्क्यांच्या खुणांसकट जतन करी. अवतरणचिन्हे राहून गेली, तर ‘दिवाळी अंक’मधले ‘दिवाळी’ तेवढे उरे आणि पीडीएफचे एक्स्टेन्शनही गळून जाई.

ब्राउझर ओळखून प्रत्येकाला वेगळे हेडर पाठवण्याची पद्धत फार वर्षे चालली. ती सोडावी. एकाच हेडरमध्ये दोन नावे द्यावीत: आधी ‘फाइलनेम’मध्ये अवतरणांत रोमन नाव, मग तारांकित ‘फाइलनेम*’मध्ये यूटीएफ-८ चे खरे नाव. नवे ब्राउझर तारांकित नाव घेतात, जुने पहिल्यावर भागवतात. नुसते रोमन नाव देऊन मोकळे होणे सोपे असते, पण वाचकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अंक मराठी नावानेच दिसायला हवा. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. लांब शीर्षके आधीच आखडावी लागतात.

आठव्या आवृत्तीपर्यंतचा इंटरनेट एक्सप्लोरर एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) ‘नो-कॅशे’, म्हणजे प्रत साठवून वापरू नका ही सूचना, दिसताच फाइल उतरवायला नकार देई. आता तो प्रश्न उरलेला नाही. फाइलचा प्रकार मात्र अजूनही अचूक सांगावा आणि ‘नोस्निफ’ (प्रकार स्वतः ताडू नका ही सूचना) जोडावे, म्हणजे ब्राउझर मजकूर पाहून स्वतःचा तर्क लढवत नाही.

अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या वेबव्ह्यूमध्ये अ‍ॅपने डाउनलोडची सोय केलेली नसेल, तर बटण दाबूनही काहीच होत नाही. हे सर्व्हरवरून सुधारता येत नाही. अशा वाचकासाठी पानावर ‘क्रोममध्ये उघडा’ अशी सूचना ठेवावी लागते.