गाणं सुरू व्हायच्या आधी ऐकू येणारं गाणं

"टेपवरचं गाणं कुठलं आणि डिजिटल कुठलं, डोळे मिटून सांगतो, लाव पैज." माझा मावसभाऊ दर दिवाळीत हे म्हणतो, आणि त्याचं कारणही दरवेळी तेच असतं: डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, टेपवर मात्र सूर सलग वाहतो, म्हणून टेपमध्ये 'जीव' असतो. ओळखता येतं हे त्याचं म्हणणं पुष्कळदा खरं आहे, पण कारण साफ चुकीचं आहे, आणि खरं कारण मला त्याहून कितीतरी सुंदर वाटतं म्हणून हा लेख.

आधी त्या पायऱ्यांचं बघू. सीडीवर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, म्हणजे कागदावर तेवढे ठिपके. आपला कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्याहून वेगानं न हलणारी अशी एकच रेघ त्या सगळ्या ठिपक्यांतून जाऊ शकते, दुसरी जाऊच शकत नाही, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. प्लेअरमधलं फिल्टर तीच रेघ परत काढतं. म्हणजे स्पीकरमधून येतो तो सलग आवाजच, पायऱ्या फक्त पुस्तकातल्या चित्रात.

आणि नुसत्या कानाचा भरवसा किती धरायचा, याचा एक मोठा प्रयोग आपोआपच होऊन गेलाय. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी महागड्या एलपी रेकॉर्ड काढते, आणि त्या मूळ टेपवरून थेट बनतात अशी सगळ्यांची समजूत होती. 2022 च्या जुलैमध्ये उघड झालं की 2011 पासून त्यांच्या पुष्कळ रेकॉर्डमध्ये मधे एक डिजिटल टप्पा होता. तोपर्यंत लाखालाखाच्या सिस्टिमवर त्या ऐकून 'ही खरी अ‍ॅनालॉगची ऊब' म्हणणारे जाणकार जगभर होते! सोन्याचा मुलामा दिलेल्या केबल विकणारे आणि 'डिजिटलनं संगीताचा आत्मा गेला' म्हणणारे, दोघांनीही ही गोष्ट नीट वाचावी असं मला मनापासून वाटतं.

मग कानाला कळतं ते नेमकं काय? तर टेपच्या खोडी. आवाजाची ऊब वगैरे नाही, त्या प्लास्टिकच्या पट्टीचे आणि तिच्यावरच्या लोहकणांचे दोष. उलट बाजूनंही हेच होतं. 1944 मध्ये जॅक मुलिन नावाचा अमेरिकन सैन्यातला इंजिनियर इंग्लंडमध्ये होता, रात्री उशिरा रेडिओवर जर्मन स्टेशन लावायचा आणि त्याला अख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत ऐकू यायचं, ना तबकडीची खरखर, ना दर थोड्या मिनिटांनी तबकडी बदलल्याची खूण. अपरात्री एवढे वादक खरोखर बसवणं शक्य नाही, मग हे वाजतंय कशावर? युद्ध संपताना उत्तर मिळालं, मॅग्नेटोफोन नावाचं जर्मन टेप मशीन. म्हणजे त्यानं टेप ओळखली ती तबकडीच्या खोडी ऐकू आल्या नाहीत म्हणून.

टेपच्या स्वतःच्या खोडींपैकी सूंऽऽ असा आवाज सगळ्यांना माहीत आहे, तो येतो कारण पट्टीवरचे असंख्य बारीक चुंबकी कण कधीच पूर्ण शिस्तीत उभे राहत नाहीत. पण तो डॉल्बी नावाच्या, हा सूंकार दाबणाऱ्या यंत्रणेनं कमी करता येतो, सॉफ्टवेअरनं काढता येतो आणि आता तर मुद्दाम घालताही येतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका. दुसरी खोड वेगाची. कॅसेटची पट्टी सेकंदाला 4.76 सेंटीमीटर पळते, रोलर जरा झिजला की तो वेग कमीजास्त होतो आणि सूर हलतो. हे तबल्यात पकडता येत नाही, तानपुऱ्याकडे कान लावा, लांबलेला स्थिर सूर पाण्यावरच्या सावलीसारखा हलताना लगेच कळेल. डिजिटलमध्ये क्वार्ट्झचं घड्याळ असतं, तिथे कानाला कळेल असा हा हलका झोका नसतोच.

पण माझी सगळ्यात लाडकी खोड तिसरी. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी पूर्ण शांतता असते ना, तिथे आवाज वाढवून ऐका. कधीकधी गायकाचा पहिला शब्द, अगदी पुसट, लांबून आल्यासारखा, आधीच ऐकू येतो, आणि मग सेकंद-दोन सेकंदांनी तोच शब्द मोठ्यानं. प्रतिध्वनी नंतर येतो हे आपण शाळेत शिकलो, हा आधी येतो!

होतं असं की टेप रिळावर गुंडाळलेली असते, म्हणजे पट्टीचा एक वेढा दुसऱ्या वेढ्याला चिकटून वर्षानुवर्षं बसतो. एका वेढ्यावरच्या मोठ्या आवाजाचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हळूहळू उमटतं, ओल्या शाईचं पान मिटलं की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात तसं. सगळे कण सारखे पक्के नसतात, काही इतके लहान असतात की नुसत्या उष्णतेच्या हालचालीनंही डळमळतात, अशा कणांना शेजारचं क्षीण क्षेत्रसुद्धा आपल्या दिशेला वळवतं. म्हणून उन्हानं हे वाढतं, नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या कॅसेटचं काय होत असेल बघा. आणि म्हणूनच वाजवायच्या आधी टेप दोनतीनदा मागेपुढे फिरवली तर हा ठसा थोडा फिका होतो, जे कण सहज वळले ते सहज परतही फिरतात.

यात एक आणखी गंमत आहे. सगळे सूर सारखे उमटत नाहीत. बारीक तरंगलांबीचं क्षेत्र पुढच्या वेढ्यापर्यंत पोचेपर्यंत विरून जातं, फार लांब तरंगलांबीचं क्षेत्र मुळातच क्षीण, मधे कुठेतरी जास्तीत जास्त ठसा पडतो, आणि गणित केलं तर ती तरंगलांबी पट्टीच्या जाडीच्या 2π पट येते. स्टुडिओची टेप साधारण 50 मायक्रॉन जाडीची, वेग सेकंदाला 38 सेंटीमीटर, म्हणजे उत्तर येतं 1,200 हर्ट्झच्या आसपास, जिथे आपला कान चांगलाच तिखट असतो. शिवाय ठसा दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. पट्टीच्या लांबीच्या दिशेचं आणि तिला काटकोनातलं चुंबकत्व एका बाजूला एकमेकांत मिळतं, दुसऱ्या बाजूला एकमेकांना खोडतं (फ्रिजवर लावायचं चपटं रबरी मॅग्नेट उलटं करून लावून बघा, धड चिकटत नाही, कारण तेच). स्टुडिओच्या रिळात हा जोरकस ठसा बाहेरच्या वेढ्यावर पडतो. गाण्याची सुरुवात बाहेर ठेवून रीळ गुंडाळलं तर बाहेरचा वेढा म्हणजे आधीचा भाग, म्हणजे भूत आधी बोलणार. म्हणून जाणते लोक रीळ शेवट बाहेर ठेवून कपाटात ठेवतात, मग ठळक ठसा मूळ आवाजानंतर पडतो आणि गाण्यातच झाकला जातो.

आणि ही खूण डिजिटल कॉपीतही जशीच्या तशी येते, त्यामुळे मोबाइलवर ऐकत असलात तरी आवाज कधीतरी टेपवर होता हे बहुतेक वेळा कळतं. एमपीथ्रीतही आधी ऐकू येणारा एक डाग असतो, पण तो वेगळा: भजनातल्या टाळांचा खण्ण होण्याआधी काही मिलिसेकंद आवाज पसरतो, आणि फाइल फारच दाबलेली असली तर टाळ पाण्याखालून वाजल्यासारखे वाटतात. तिथे शब्द कधी आधी ऐकू येत नाही.

माझ्या आत्याला मात्र हा पुसट आवाज म्हणजे गेलेल्या माणसाची हाक वाटायची. तिचं दुःख खरं होतं, म्हणून मी कधी वाद घातला नाही. पण 1960-70 च्या काळात युरोपात कॉन्स्टान्टिन राऊदिव्हसारख्या लोकांनी टेपवरच्या अशा कुजबुजीला मृतात्म्यांचे संदेश म्हणून जगभर प्रसिद्धी दिली, ते मला पटत नाही. टेपवर पुसट आवाज यायला शेजारचा वेढा पुरतो, आधीचं अर्धवट पुसलेलं रेकॉर्डिंग पुरतं, कॅसेटचं हेड जरा सरकलं तर दुसऱ्या बाजूचं बोलणं उलटं ऐकू येतं, आणि ते तर खरंच अंगावर काटा आणतं.

आजीच्या गाण्याची एक फाइल आमच्याकडे आहे, कॅसेटवरून कोणीतरी केलेली, कॅसेट केव्हाच हरवली. शेवटी आजी भैरवी गाते, आणि तिच्या पहिल्या 'सा'च्या आधी तोच 'सा' पुसट येतो. मी तो वेळ मोजला, 1.8 सेकंद. ठसा बरोबर एक वेढा आधी पडतो, म्हणून गुणिले पट्टीचा वेग 4.76, म्हणजे तिथे वेढ्याचा परीघ साडेआठ सेंटीमीटरच्या जरा वर, त्रिज्या 13.6 मिलिमीटर. कॅसेटच्या आतल्या चाकाची त्रिज्या साधारण 11, म्हणजे चाकाभोवती जेमतेम अडीच मिलिमीटर टेप उरली होती. रिवाइंड करून ठेवलेल्या कॅसेटमध्ये आत असतो तो शेवटचा भाग. साठ मिनिटांच्या कॅसेटची पट्टी 18 मायक्रॉनची धरली तर तिथून बाजू संपायला चार मिनिटं लागतात, नव्वदची पट्टी 12 मायक्रॉनची, तिला सहा. मग फाइल पुढे सोडली आणि घड्याळ लावून बसले. चार मिनिटांना थोडे सेकंद कमी असताना भैरवीच्या मधेच आवाज तुटला आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर आल्याचा आवाज आला. साठची होती.