प्रखर प्रकाश आणि पानातली पिवळी रंगद्रव्ये: पार्श्वभूमी

निरभ्र दुपारी पानाच्या दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. बहुतेक वनस्पतींच्या पानांना त्यातला निम्मा प्रकाशही वापरता येत नाही, पण हरितद्रव्य काही शोषायचे थांबत नाही. मग उत्तेजित झालेला रेणू ट्रिप्लेट या जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातो आणि शेजारच्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन त्याचा सिंगलेट ऑक्सिजन करतो. हा रेणू अतिशय क्रियाशील असतो. भोवतालची प्रथिने आणि पटलातली मेदाम्ले तो खराब करतो.

तीव्र प्रकाशात प्रकाशसंश्लेषण मंदावते, हे अल्फ्रेड एवार्ट यांनी १८९६ मध्येच नोंदवले होते. १९५६ मध्ये बेसेल कोक यांनी या नुकसानीचा मोजून अभ्यास केला. पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, तर त्याहूनही जुन्या ओळखीची. गाजरातले कॅरोटीन १८३१ मध्ये वेगळे काढले गेले आणि १९०६ मध्ये मिखाईल त्स्वेत यांनी क्रोमॅटोग्राफीने पानातले रंग थरांत उलगडून दाखवले. ती प्रकाश गोळा करून हरितद्रव्याला देतात, हे खरेच आहे. पण त्यांचे दुसरे काम, संरक्षणाचे, झाकलेले राहिले ते बहुधा यामुळेच.

ते उघड झाले एका जिवाणूमुळे. १९५५ मध्ये रोडोस्यूडोमोनास स्फेरॉइडिसच्या रंगीत कॅरोटिनॉइड नसलेल्या प्रकारावर प्रयोग झाले. हवा नसताना तो प्रकाशात नीट वाढे, अंधारात हवा असली तरी चाले. प्रकाश आणि हवा एकत्र आले की मरे. १९६८ मध्ये फूट आणि डेनी यांनी बीटा-कॅरोटीन सिंगलेट ऑक्सिजनला शमवते हे दाखवले आणि कारण कळले. नॉरफ्लुराझोन हे तणनाशक याच दुखऱ्या जागी बोट ठेवते: कॅरोटिनॉइडची निर्मिती अडते आणि नवी पाने उजेडात पांढरी पडतात.

दुसरा धागा झॅन्थोफिल चक्राचा. झॅन्थोफिल म्हणजे ऑक्सिजन असलेली कॅरोटिनॉइड; या चक्रात ती एकमेकांत बदलतात. सापोझ्निकोव्ह यांना १९५७ मध्ये व्हायोलाझँथिनचे प्रमाण प्रकाशात घटताना दिसले. यामामोटो आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये क्रम लावला: व्हायोलाझँथिन, मग अँथेराझँथिन, मग झियाझँथिन. प्रत्येक पायरीला ऑक्सिजनचा एक अणू निघतो आणि एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी ९ वरून १० आणि ११ वर जाते. हे करणारे विकर थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या, आतल्या पोकळीत असते. प्रकाश जास्त झाला की तिथली आम्लता वाढते आणि विकर जागे होते. त्याला क जीवनसत्त्वही लागते. झियाझँथिन काही मिनिटांत तयार होते, पण उलटा प्रवास संथ चालतो.

हे चक्र कशासाठी, याचे उत्तर मिळायला आणखी २५ वर्षे लागली. १९८७ मध्ये बार्बरा डेमिग आणि सहकाऱ्यांनी झियाझँथिनचे प्रमाण आणि उष्णतेच्या रूपाने ऊर्जा सोडून देणे यांची सांगड घातली. १९९८ मध्ये अरॅबिडोप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत ते विकर नसलेली झाडे मिळाली आणि २००० मध्ये ऊर्जा अशी सोडून देण्यासाठी पीएसबीएस हे प्रथिन लागते, हे कळले. पीएसबीएस नसलेली झाडे स्थिर प्रकाशात फारशी अडत नाहीत; ऊन-सावली सतत बदलणाऱ्या मोकळ्या शेतात मात्र त्यांना बी कमी धरते. नुसत्या प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली ही गोष्ट निसटलीच असती.

मापनात चुका ठरावीक जागी होतात. पान २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवून घेतलेले एफव्ही/एफएम (हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून काढलेले प्रकाशसंश्लेषणाच्या क्षमतेचे माप) निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येते. अंधाराचा वेळ तोकडा पडला, तर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून दिल्यामुळे दिसणारी तात्पुरती घट कायमची इजा समजली जाते. रंगद्रव्यांसाठीचे पान तोडताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे. रेंगाळल्यास झियाझँथिनचे प्रमाण बदलते. खरी इजा होते ती प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतल्या डी१ प्रथिनाची. ते सतत मोडते आणि सतत नवे बसते. थंडीत दुरुस्ती मंदावते, म्हणून गार सकाळचे लख्ख ऊन जास्त बाधते.

संरक्षण उतरायला लागणारा वेळ हाही तोटाच, कारण सावली आल्यावरही पान ऊर्जा वाया घालवत राहते. २०१६ मध्ये दोन्ही दिशांची विकरे आणि पीएसबीएस वाढवलेल्या तंबाखूचे शेतातले कोरडे वजन सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरले. हेच तीन बदल अरॅबिडोप्सिसमध्ये केले, तेव्हा वाढ सुधारली नाही.